एका सर्व्हरवर चार मास्टरनोड: सेटअप, हिशोब आणि माझी चूक

हा लेख या आठवड्याच्या व्हिडिओच्या जोडीला आहे. टाइप करायच्या ओळी व्हिडिओत स्क्रीनवर दिसतातच, त्या इथे परत उतरवत नाही. त्या ओळी कशासाठी आहेत, कुठली चुकली तर काय होतं, आणि शेवटी गल्ल्यात किती उरतं, ते इथे लिहितो.

व्हिडिओ करायचं कारण सांगतो. दिवाळीनंतर पिंगळीतल्या माझ्या दुकानात एक पोरगा आला. शेजारच्या गावचा, बीएस्सी झालेला, घरी सात एकर. सोयाबीनची पट्टी नुकतीच हातात आलेली. म्हणाला, "दादा, तुम्हाला सर्व्हरचं कळतंय. मला दहा मास्टरनोड टाकून द्या. नाहीतर असं करा, पैसे तुम्हीच घ्या, नोड तुम्हीच चालवा, मला महिन्याला द्या काय द्यायचं ते." खिशातून मोबाईल काढून त्यानं मला एक तक्ता दाखवला. एका नोडवर वर्षाला एवढे टक्के, दहा नोडवर एवढे. तक्त्यात सगळं होतं, फक्त नाण्याचा भाव पडला तर काय, तो रकाना नव्हता.

त्याला मी लगेच नाही म्हणालो नाही, कारण २०१९ मध्ये मी स्वतः हेच केलंय. चार नोड, एक सर्व्हर. त्याची गोष्ट पुढे येईलच. आधी काम समजून घेऊ.

मास्टरनोड म्हणजे काय

बिटकॉइनचा व्यवहार मायनर लोक मशीन लावून पक्का करतात. २०१४ मध्ये डॅश नावाचं नाणं आलं (तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं, डॅश हे नाव २०१५ मध्ये पडलं) आणि त्यानं मायनरच्या जोडीला दुसरा एक थर आणला. ज्याच्याकडे १,००० डॅश आहेत त्यानं ते अनामत म्हणून बाजूला ठेवायचे, चोवीस तास चालणारा एक सर्व्हर जाळ्याला जोडून द्यायचा, आणि त्याबद्दल ब्लॉकच्या बक्षिसातला वाटा घ्यायचा. या सर्व्हरला मास्टरनोड म्हणतात. पुढे पिव्हिएक्सनं १०,००० नाण्यांची अनामत ठेवली, आणि पिव्हिएक्सचा कोड उचलून २०१७ ते २०१९ या काळात बारकी नाणी पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली.

अनामत हा शब्द नीट समजून घ्या. ती नाणी तुम्ही कुणाला देत नाही. ती तुमच्याच पत्त्यावर, तुमच्याच चावीखाली राहतात. जाळं फक्त बघतं, की तेवढी नाणी तिथे हललेली नाहीत ना. तुम्ही ती खर्च केली की नोड त्या क्षणी यादीतून बाहेर. म्हणजे "अनामत आमच्याकडे पाठवा, आम्ही नोड लावतो" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबायचं. मास्टरनोडच्या रचनेत नाणी दुसऱ्याकडे पाठवायची गरजच नाही.

बक्षीस मिळतं पाळीनं. प्रत्येक ब्लॉकला एका नोडचा नंबर. डॅशचा ब्लॉक साधारण अडीच मिनिटांनी येतो. समजा यादीत ४,००० नोड आहेत, तर तुमची पाळी सुमारे ७ दिवसांनी येणार. नोड ८,००० झाले तर १४ दिवसांनी. बक्षिसाची पाटी तेवढीच राहते, जेवणारे वाढले की वाढणं कमी. शिवाय डॅशमध्ये बक्षीस दर ३८३ दिवसांच्या आसपास चौदाव्या हिश्शानं, म्हणजे ७ टक्क्यांनी, कमी होत जातं. त्या पोराच्या तक्त्यातले टक्के हे आजच्या पंगतीचे होते. उद्या आणखी पाचशे पाटं पडले तर ते आकडे बदलणार.

एकाच सर्व्हरवर अनेक का

दुकानातल्या कॉम्प्युटरवर नोड का नाही चालत, हे आधी सांगतो, कारण हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. एक तर लाईट. इन्व्हर्टर दोन तास ओढेल, सहा तास नाही ओढणार. दुसरं, घरच्या इंटरनेटला बहुतेक वेळा स्वतःचा कायमचा पब्लिक आयपी पत्ता नसतो. एका पत्त्यामागे कंपनीनं अनेक गिऱ्हाईकं बसवलेली असतात. बाहेरून कुणी तुमच्या मशीनचं दार वाजवू म्हटलं तर त्याला दारच सापडत नाही. मास्टरनोडचं दार बाहेरून वाजलं पाहिजे. म्हणून भाड्याचा सर्व्हर, ज्याला व्हीपीएस म्हणतात.

आता एका नोडला एक सर्व्हर घेतला तर भाडं चार वेळा. एकाच मोठ्या सर्व्हरवर चार नोड बसवले तर भाडं वाटलं जातं. हे परभणीतल्या एखाद्या कॉम्प्लेक्ससारखं आहे. इमारत एक, गाळे चार. पण प्रत्येक गाळ्याला वेगळा नंबर, वेगळं कुलूप, वेगळं मीटर लागतं. चौघांनी एकच मीटर ओढलं तर फ्यूज जाणारच. सेटअपमधल्या नव्वद टक्के भानगडी इथेच होतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

गाळ्याचा नंबर म्हणजे आयपी पत्ता आणि पोर्ट. डॅशच्या मुख्य जाळ्यात मास्टरनोडचा पोर्ट ९९९९ ठरलेला आहे, आणि एकाच पत्त्यावर दोन नोड नोंदवता येत नाहीत. मग चार नोडला चार वेगळे आयपी पत्ते घ्यावे लागतात. सर्व्हरवाला जादा पत्त्याचे वेगळे पैसे लावतो. पिव्हिएक्सच्या जातीच्या अनेक लहान नाण्यांना आयपीव्ही६ चालायचा, आणि तो सर्व्हरबरोबर ढीगभर फुकट मिळायचा, म्हणून लोक एका सर्व्हरवर दहा-दहा नोड बसवायचे. तुमच्या नाण्याला काय चालतं ते आधी त्याच्या अधिकृत माहितीत बघा, मगच सर्व्हर घ्या. मी आधी सर्व्हर घेतला होता.

पत्ते घेतले तरी काम संपत नाही. प्रत्येक नोडच्या कॉन्फ फाइलमध्ये बाइंडची ओळ लिहून सांगावं लागतं, की बाबा तू या पत्त्यावर बस. ही ओळ नसेल तर पहिला नोड सगळ्या पत्त्यांवर पाय पसरून बसतो आणि दुसरा सुरू होताना "पत्ता आधीच वापरात आहे" म्हणून पडतो. बाहेर जाहीर करायचा पत्ता वेगळ्या ओळीत येतो, त्याला एक्स्टर्नल आयपी म्हणतात. या दोन ओळींत एकच पत्ता हवा. बाइंड एक आणि जाहीर दुसरा, असं झालं की नोड चालू दिसतो पण जाळ्याला तो सापडत नाही.

मीटर म्हणजे आरपीसी पोर्ट. हा आतला दरवाजा. तुम्ही सर्व्हरवर बसून नोडला "कसा आहेस, कुठल्या ब्लॉकवर आहेस" असं विचारता ते या दारातून. तो प्रत्येकाला वेगळाच हवा, आणि फक्त त्याच मशीनवरून उघडेल असा, म्हणजे १२७.०.०.१ वरच. बाहेरच्या जगाला तो कधीही उघडा ठेवायचा नाही. त्याचा पासवर्डही चार नोडला चार वेगळे.

कुलूप म्हणजे वेगळा डेटा फोल्डर आणि शक्यतो वेगळा लिनक्स युजर. चारही नोड रूट युजरखाली चालवणारे लोक मी पाहिलेत. मीही चालवले. त्यात एक नोड फुटला की घरातल्या सगळ्या खोल्या उघड्या. वेगळे युजर केले तर पंधरा मिनिटं जास्त जातात, बस.

पहिला नोड पूर्ण सिंक व्हायला बराच वेळ लागतो. दुसऱ्या, तिसऱ्याला परत तेवढं थांबू नका. पहिला नोड नीट बंद करा, त्याचे ब्लॉक, चेनस्टेट वगैरे ब्लॉकचेनचे सगळे फोल्डर बाकीच्या डेटा फोल्डरमध्ये कॉपी करा, फोल्डरची मालकी त्या-त्या युजरच्या नावावर करा, मग सुरू करा. चालू नोडचे फोल्डर कॉपी केले तर ते अर्धवट येतात आणि पुन्हा पहिल्यापासून सिंक करत बसावं लागतं. वॉलेटची फाइल मात्र कॉपी करायची नाही. खरं तर सर्व्हरवर वॉलेट असायलाच नको.

चावी घरी, नोकर दुकानात

हा भाग व्हिडिओत मी दोनदा सांगितलाय, काही जण मला त्यावरून हसले. हसा, पण करा.

जुन्या पद्धतीत, म्हणजे पिव्हिएक्सच्या जातीत, दोन जागा असतात. एक तुमच्या घरचं वॉलेट, जिथे अनामत नाणी असतात. दुसरा सर्व्हर, जिथे फक्त मास्टरनोडची एक कामापुरती चावी असते. घरच्या वॉलेटमध्ये एक साधी मजकूर फाइल असते. प्रत्येक नोडची एक ओळ: नोडचं टोपणनाव, आयपी आणि पोर्ट, कामाची चावी, अनामत ज्या व्यवहारातून आली त्याचा क्रमांक, आणि त्या व्यवहारातला आउटपुट क्रमांक, जो बहुतेक वेळा ० किंवा १ असतो. चार नोड म्हटलं की चार ओळी. एका ओळीची चावी दुसऱ्या ओळीत गेली, की दोन्ही नोड रुसतात आणि कारण काही केल्या सापडत नाही. माझी सवय अशी की टोपणनावं सरळ गाळा१, गाळा२ ठेवायची आणि तीच नावं सर्व्हरवरच्या युजरला द्यायची. म्हणजे रात्री दोन वाजतासुद्धा डोकं चालतं.

अनामत पाठवताना आकडा नेमका हवा. १०,००० म्हणजे १०,०००. फी त्यातून कापून ९,९९९ आणि काही दशांश आले तर ती अनामत धरली जात नाही. चार नोडसाठी चार वेगळे पत्ते आणि चार वेगळ्या रकमा. ४०,००० एकदम पाठवून चालत नाही. त्यानंतर १५ कन्फर्मेशन होईपर्यंत चहा घ्या. आणि ती नाणी वॉलेटमध्ये लॉक केलेली आहेत ना ते बघा, नाहीतर पुढच्या महिन्यात कुणाला तरी दोनशे नाणी पाठवताना वॉलेट अनामतीतूनच मोडून देतं आणि तुमचा नोड बंद.

डॅशनं २०१९ पासून ही रचना बदलली आणि मला ती जास्त पटते. आता नोडची नोंदणी ब्लॉकचेनवरच्या एका खास व्यवहारानं होते आणि चाव्या वेगळ्या केल्यात. मालकाची चावी वेगळी, मतदानाची वेगळी, ऑपरेटरची वेगळी. सर्व्हरवर फक्त ऑपरेटरची चावी जाते. उद्या सर्व्हर फुटला तर चोराच्या हाती ऑपरेटरची चावी लागेल, तो तुमचा नोड बंद पाडू शकेल, पण अनामत हलवू शकणार नाही. अनामत हार्डवेअर वॉलेटमध्ये ठेवता येते. दुकान नोकर उघडतो, तिजोरीची किल्ली मालकाच्या कमरेला. आपल्या मोंढ्यातल्या आडत्यांना हे कुणी शिकवायला लागत नाही.

आणि एकच ऑपरेटर चावी दोन सर्व्हरवर एकदम चालवू नका, "एक बंद पडला तर दुसरा आहे" म्हणून. एथेरियमच्या व्हॅलिडेटरमध्ये असं केलं तर जमा ठेवलेल्या नाण्यांतून दंड कापला जातो. डॅशमध्ये नाणी जात नाहीत, पण दोन नोकर एकाच खुर्चीवर बसून भांडतात आणि नोडची पत जाते.

पत आणि बंदी

पत हा शब्द मी मुद्दाम वापरला. डॅशमध्ये नोड काम चुकवतो का हे बाकीचे नोड बघत असतात. एकदा ठरलेलं काम चुकलं की दंडाचे गुण चढतात, तेही थोडेथोडके नाहीत, कमाल मर्यादेच्या ६६ टक्के. दर ब्लॉकला एक गुण उतरतो. म्हणजे एक चूक माफ होते, पण थोड्या वेळात दुसरी झाली की मर्यादा ओलांडली आणि नोडवर बंदी. बंदी उठवायला पुन्हा एक व्यवहार करून कळवावं लागतं, आणि मग तुम्ही रांगेच्या शेवटी.

आता एकाच सर्व्हरवर चार नोड असले की काय होतं बघा. सर्व्हर बंद पडला तर चारही एकदम बंद. भाडं वाचवताना चारही अंडी एका टोपलीत आपणच ठेवली. माझं मत विचाराल तर चार नोड दोन कंपन्यांच्या दोन सर्व्हरवर, दोन-दोन करून. भाडं थोडं जास्त जाईल. जाऊ द्या.

माझा २०१९

आता माझं. तेव्हा बीबीए होऊन काही वर्षं झाली होती, दुकान नवीन होतं. एका लहान नाण्याचे (नाव घेत नाही, आता त्याला विचारणारंही कुणी नाही) चार नोड मी दोन जीबी रॅमच्या सर्व्हरवर बसवले. हिशोब असा केला होता की एक नोड चारशे एमबी खातो, चार म्हणजे सोळाशे, झालं की. सिंक झालेला, शांत बसलेला नोड चारशे खायचा, हे खरं. पण सुरू होताना तो त्याच्या दुप्पट मागायचा, ते मी मोजलंच नव्हतं.

पहिले अकरा दिवस छान गेले. बाराव्या रात्री मेमरी संपली. लिनक्स अशा वेळी सगळ्यात जास्त खाणाऱ्या प्रोसेसला मारून टाकतं, त्यानं तिसरा नोड मारला. सकाळी मी तो उठवला, उठताना त्यानं मेमरी ओढली, म्हणून पहिला मेला. पहिला उठवला तर चौथा. एकाला उठवलं की दुसरा झोपायचा. दोन रात्री मी हेच करत बसलो होतो, दुकानात बसून जांभया. स्वॅप फाइल टाकायची असते हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. महिनाभरानं डिस्क भरली. नोडची डीबग लॉग फाइल वाढत-वाढत काही जीबी झाली होती आणि डिस्क भरल्यावर एका नोडचा डेटाबेसच खराब झाला.

त्या अनुभवातून आज मी जे करतो ते सांगतो. रॅम नोडच्या शांत वापराच्या दुप्पट धरतो, वर चार जीबीची स्वॅप. प्रत्येक नोडची सिस्टिमडी सर्व्हिस बनवतो, म्हणजे पडला की आपोआप उठतो आणि सर्व्हर रीस्टार्ट झाला तरी माझी वाट बघत नाही. चौघांना एकदम न उठवता मध्ये दोन-दोन मिनिटांचं अंतर ठेवतो. डेटाबेस कॅश कमी, कनेक्शनची संख्या मर्यादित. लॉगला लॉगरोटेट. फायरवॉलमध्ये एसएसएच आणि नोडचा पोर्ट सोडून सगळं बंद. एसएसएचला पासवर्ड नाहीच, चावीची फाइल. आणि दर दहा मिनिटांनी चालणारी एक बारकी स्क्रिप्ट, जी प्रत्येक नोडला ब्लॉक क्रमांक विचारते, सार्वजनिक एक्सप्लोररशी ताडून बघते आणि फरक पडला तर मला टेलिग्रामवर मेसेज टाकते. नुसता क्रमांक नाही, ब्लॉकचा हॅशही ताडा. अपडेट चुकलं तर नोड फाट्यावरच्या दुसऱ्याच रस्त्याला लागतो. स्वतःच्या मते तो मस्त पळत असतो.

इन्स्टॉलची तयार स्क्रिप्ट मिळते, एक ओळ चिकटवली की सगळे नोड तयार. टेलिग्रामच्या ग्रुपवर कुणी दिलेली असली ओळ रूट युजरवर चिकटवणं म्हणजे अनोळखी माणसाला कोरा चेक सही करून देणं. स्क्रिप्ट वापरायची असेल तर आधी उघडून वाचा. कळत नसेल तर वापरू नका, हातानं करा.

पण माझं नुकसान या कशानं झालं नाही, ऐका. नोड तर मी शेवटी नीट चालवले. बक्षीस येत होतं. एका सकाळी एक्सचेंजनं ते नाणं यादीतून काढलं. नाणी माझ्या वॉलेटमध्ये तशीच होती, नोडही हिरवे दिसत होते, बक्षीसही जमत होतं. घेणारं गिऱ्हाईक नव्हतं. त्यात माझे चाळीस हजार होते, दिवाळीच्या मालासाठी बाजूला काढलेले. त्या दिवाळीला मी दुकानात माल उधारीवर भरला.

हिशोब, जो तक्त्यात नव्हता

आपण एक उदाहरण घेऊ, आकडे समजा म्हणून. चार नोड, प्रत्येकी २५,००० रुपयांची नाणी, म्हणजे एक लाख अडकले. बक्षीस वर्षाला १२ टक्के, १२,००० रुपये. चार वेगळे लहान सर्व्हर महिना ४०० नं घेतले तर वर्षाचं भाडं १९,२००. नोड धंद्यात तोट्यातच सुरू. एकच मोठा सर्व्हर महिना ८०० नं घेतला तर ९,६००. उरले २,४००. म्हणजे "एका सर्व्हरवर अनेक नोड" या सगळ्या कसरतीनं आपण वर्षाला ९,६०० वाचवले. छान. आता नाण्याचा भाव फक्त ३० टक्के पडू द्या. एक लाखाचे सत्तर हजार. कसरतीच्या तिप्पट एका झटक्यात गेले.

३० टक्के हे मी कमी धरले. डॅश हे या जातीतलं सगळ्यात जुनं, नावाजलेलं नाणं. डिसेंबर २०१७ मध्ये एका डॅशचा भाव हजार डॉलरच्या वर होता. वर्षभरात तो शंभर डॉलरच्या खाली आला. ज्यानं वरच्या भावात १,००० डॅशची अनामत लावली, त्याचा नोड वर्षभर एक मिनिटही बंद पडला नसेल, तरी दहातले नऊ भाग गेले.

मग कर. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या विक्रीतल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर सेस. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. खर्च म्हणून फक्त खरेदीची किंमत वजा होते. सर्व्हरचं भाडं या नफ्यातून वजा करता येत नाही. आणि अनेक नाण्यांचे नोड चालवणाऱ्यांनी हे नीट वाचा: एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता होत नाही. एका नाण्यात ५०,००० फायदा आणि दुसऱ्यात ८०,००० तोटा झाला, तर खिशातून ३०,००० गेलेत आणि वर ५०,००० वर १५,००० कर भरायचा. दुकानदाराच्या डोक्याला हे पटत नाही, पण कायदा असा आहे. प्रत्येक बक्षिसाची तारीख, नाणी आणि त्या दिवसाचा रुपयातला भाव वहीत लिहा, आणि बक्षीस कुठल्या सदरात दाखवायचं ते तुमच्या सीएला विचारा. चार नोड, प्रत्येकाला आठवड्याला एक बक्षीस, म्हणजे वर्षाच्या दोनशेहून जास्त नोंदी. मार्चमध्ये बसून त्या आठवत नाहीत.

"पैसे तुम्हीच घ्या"

त्या पोराच्या दुसऱ्या मागणीला मात्र माझं उत्तर सरळ नाही असं होतं. नोड लावून देण्याची मजुरी घेणं वेगळं. लोकांचे पैसे गोळा करून, महिन्याला एवढं देतो म्हणून सांगणं वेगळं. महाराष्ट्रात १९९९ पासून ठेवीदारांच्या संरक्षणाचा एमपीआयडी कायदा आहे, आणि २०१९ मध्ये केंद्रानं अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीचा कायदा केला. "मी तर फक्त नोड चालवत होतो" हे तिथे चालत नाही.

आणि आपल्याच राज्यात काय झालं ते आठवा. गेनबिटकॉइन. बिटकॉइन द्या, आमच्या मशीन मायनिंग करतील, १८ महिने दर महिन्याला १० टक्के घ्या, अशी ती योजना. पुढे पुढे बिटकॉइनऐवजी त्यांचंच एमकॅप नावाचं नाणं हातात ठेवलं जाऊ लागलं. अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये अटक केली. प्रकरणाचा निकाल लागायच्या आधीच जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. तपास नंतर सीबीआयकडे गेला. तिथेही लोकांना महिन्याच्या टक्क्यांचं आश्वासनच दाखवलं होतं.

मास्टरनोडमध्ये एक सोय अशी आहे की नोड खरा आहे का हे कुणालाही तपासता येतं. आयपी पत्ता आणि अनामतीचा व्यवहार क्रमांक मागा, एक्सप्लोररवर टाका. नोड यादीत आहे का, बक्षीस कुठल्या पत्त्यावर जातं, सगळं उघड दिसतं. द्यायला टाळाटाळ केली तर उठून निघा.

तर मी त्याला काय सांगितलं. डॅशला टेस्टनेट आहे, म्हणजे सरावाचं जाळं. तिथली नाणी फुकट मिळतात, त्यांना भाव नाही, पण चाव्या, नोंदणी, बंदी, रांग, सगळं खऱ्यासारखं. मी म्हणालो, महिन्याच्या भाड्यानं एक सर्व्हर घे, त्यावर टेस्टनेटचे तीन नोड उभे कर, साठ दिवस एकावरही बंदी न येता चालव, वही लिही. मग बोलू.

पहिल्या महिन्यात त्याच्या तीनपैकी दोन नोडवर बंदी आली. एकदा बाइंडची ओळ विसरला, एकदा तीनही नोड एकदम अपडेट केले. (अपडेट नेहमी एक-एक करा. पहिला ब्लॉकला लागला, स्टेटस रेडी दिसलं, की मग दुसरा.) परवा संध्याकाळी वही घेऊन आला होता. शेवटच्या पानावर त्यानं स्वतःच एक रकाना आखला होता, भाव निम्मा झाला तर. तो भरून झाल्यावर दहा नोडचे दोन झाले होते, आणि त्या दोनचंही अजून ठरलेलं नाही. पट्टीच्या पैशातून घरच्यांनी ठिबकचा आगाऊ भरलाय. टेस्टनेटचे नोड चालू आहेत, आज त्याचा एकेचाळिसावा दिवस.

पुढच्या व्हिडिओत त्याच्याच सर्व्हरवर ती टेलिग्रामवर मेसेज टाकणारी स्क्रिप्ट एकेक ओळ घेऊन लिहू. लॅपटॉप आणि वही, दोन्ही घेऊन बसा.